आत्याची गोळी आणि माझी हिरवट पावडर

माझी आत्या महालात राहते, बडकस चौकातून आत गेलं की जुन्या वाड्याचा जो भाग अजून उभा आहे त्यात. रोज रात्री जेवण झाल्याबरोबर ती एक गोळी घेते, चारशे मिलिग्रॅमची. पोटभर जेवण आणि वर तांब्याभर पाणी, कारण उपाशीपोटी घेतली की मळमळतं. चार वर्षं झाली, एक दिवस खाडा नाही. मागच्या महिन्यात मी तिच्याकडे गेले होते, तर गोळी तळहातावर ठेवून ती मला म्हणाली, "का वं पोरी, हे तूच बनवून राहिली का तिथं?"

मी इथेच नागपुरात केमिस्ट्रीत पीएचडी करते. सिंथेटिक ऑरगॅनिक. म्हणजे साध्या, बाजारात मिळणाऱ्या केमिकल्सपासून नवीन रेणू बनवायचे, आणि माझ्या बाबतीत असे रेणू जे पुढे कधीतरी कॅन्सरवर कामी येऊ शकतील. घरी एवढं सांगितलं की अख्ख्या खानदानात "पोरगी कॅन्सरवर औषध शोधून राहिली" असं होऊन जातं, त्यामुळे मी सहसा जास्त बोलत नाही. पण आत्या कौतुक करायला विचारत नव्हती, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं की रोज आपल्या पोटात जे जातं ते कोणी बनवलं, कसं बनवलं. मग मी मागच्या वर्षीचं कॅलेंडर उलटं केलं आणि त्याच्या कोऱ्या बाजूवर चित्रं काढत दीड तास सांगत बसले. त्यातलं बरंचसं इथे लिहिते, आणि सोबत माझ्या एका पावडरची गोष्ट, जी मी त्या रात्री तिला पहिल्यांदाच पूर्ण सांगितली.

आत्याला सीएमएल आहे, क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा एक कॅन्सर. सुरुवातीला फक्त थकवा होता आणि डाव्या बरगडीखाली जड जड वाटायचं. ती आयुष्यभर शिलाई करत आली, दिवसाला चार ब्लाउज सहज, आणि एकदम एका ब्लाउजनंतरच मशीनवरून उठायला लागली. पांढऱ्या पेशी मोजल्या तर दीड लाखाच्या वर. लॅबवाल्याला वाटलं काहीतरी चुकलं, त्याने पुन्हा रक्त घेतलं. तेवढ्याच.

या आजाराचं मूळ फार नेमकं सापडलेलं आहे आणि म्हणूनच ही गोळी शक्य झाली. १९६० मध्ये फिलाडेल्फियात नॉवेल आणि हंगरफोर्ड या दोघांना अशा पेशंटच्या पेशींत एक विचित्र छोटं क्रोमोसोम दिसलं. १९७३ मध्ये जॅनेट रौली यांनी दाखवलं की ते नुसतं छोटं झालेलं नाही, नऊ नंबरच्या आणि बावीस नंबरच्या क्रोमोसोमचे तुकडे तुटून एकमेकांना चिकटलेत. त्या चुकीच्या जोडामुळे बीसीआर-एबीएल नावाचं एक एन्झाइम तयार होतं जे कधी बंदच होत नाही, पेशीला सतत "वाढ, वाढ" असंच सांगत राहतं. आत्याला मी म्हटलं, मशीनचा पायडल दाबलेलाच राहिला असं समज, मोटर बंदच होत नाही, सुई चालूच. तिला लगेच कळलं. "मग बटण कुठं आहे त्याचं?"

बटण म्हणजे त्या एन्झाइममधली एक खोबण, जिथे एटीपी नावाचा रेणू येऊन बसतो आणि त्यातून एन्झाइमला काम करायला लागणारा फॉस्फेट मिळतो. त्या खोबणीत दुसरंच काहीतरी घट्ट बसवून ठेवलं की एटीपीला जागा नाही, काम बंद. बोलायला सोपं आहे. पण माणसाच्या शरीरात असे फॉस्फेट जोडणारे एन्झाइम, म्हणजे कायनेझ, पाचशेहून जास्त आहेत आणि जवळपास सगळ्यांना एटीपीसाठी तशीच खोबण असते, त्यामुळे सगळ्याच बंद केल्या तर माणूसच बंद होईल. ही एकच बंद करायची, बाकीच्यांना हात लावायचा नाही.

स्वित्झर्लंडमध्ये तेव्हाच्या सिबा-गायगी (आताची नोव्हार्टिस) कंपनीत युर्ग झिमरमन नावाच्या केमिस्टने आणि त्यांच्या टीमने हे ज्या पद्धतीने केलं ते मी आजवर कितीदा वाचलं असेल माहीत नाही, दरवेळी तेवढंच छान वाटतं. सुरुवात झाली एका साध्या सांगाड्यापासून, फिनाइलअमिनोपिरिमिडीन. हा सांगाडा पीकेसी नावाच्या भलत्याच एन्झाइमला अडवायचा. त्याला एका बाजूला पिरिडीनचं कडं जोडलं, तर पेशींच्या आतला परिणाम वाढला. दुसऱ्या बाजूला अमाइड जोडला, तर तो टायरोसिन कायनेझलाही (बीसीआर-एबीएल याच घराण्यातलं) अडवायला लागला, म्हणजे हव्या त्या घराच्या दारात पोचला, पण पीकेसीचं दार अजून सुटलं नव्हतं. मग त्यांनी एक मिथाईल लावला. एक कार्बन आणि तीन हायड्रोजन, बस. पण नेमक्या जागी, नायट्रोजनच्या शेजारच्या कोपऱ्यावर. तिथे तो एवढासा गट अडचण करतो, त्यामुळे कडं थोडं वळतं, रेणू पीळ दिल्यासारखा तिरका होतो आणि त्या तिरक्या अवस्थेत पीकेसीमध्ये मावतच नाही. एबीएलमध्ये मात्र मस्त बसतो.

हे ऐकून आत्या जे बोलली ते मी दुसऱ्या दिवशी लॅब नोटबुकच्या मागच्या पानावर लिहून ठेवलंय. "एक टक्स अर्धा इंच सरकला तं आखं ब्लाउज बसत नाही पोरी, अन् कापड तं तेच राह्यते." माझे सर तीन लेक्चर्समध्ये जे सांगतात ते हेच.

त्यानंतरही काम संपलं नव्हतं, कारण रेणू बसत होता पण पाण्यात विरघळत नव्हता, म्हणजे गोळी गिळली तरी रक्तात पोचणार नाही. मग शेपटीला मिथाइल-पायपराझिन जोडलं, आणि ते जोडताना मध्ये एक कार्बन मुद्दाम ठेवला, कारण थेट कड्यावर जोडलं असतं तर शरीरात त्याचे तुकडे होताना जनुकांना धोका करणारा पदार्थ तयार होण्याची भीती होती. एकेका अणूमागे असं कारण आहे. हा रेणू म्हणजे इमॅटिनिब. जून १९९८ मध्ये ब्रायन ड्रकर यांनी पेशंटवर पहिली ट्रायल सुरू केली, आणि तीनशे मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त डोस घेणाऱ्या चोपन्नपैकी त्रेपन्न पेशंटचे रक्ताचे काउंट नॉर्मलवर आले. मे २००१ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. आत्याचे काउंट सात आठवड्यांत खाली आले होते. डोळ्यांखाली सूज येते, रात्री पोटऱ्यांत गोळे येतात, पण ती परत मशीनवर बसते.

ही गोळी तिला परवडते त्याच्यामागेही एक गोष्ट आहे, ती थोडक्यात. कंपनीच्या ब्रँडचा महिन्याचा खर्च सव्वा लाखाच्या आसपास होता आणि आपल्याकडच्या जेनेरिकचा आठ-दहा हजार. नोव्हार्टिसने याच रेणूच्या मीठाच्या (सॉल्टच्या) एका स्फटिकरूपावर भारतात पेटंट मागितलं होतं, आणि १ एप्रिल २०१३ ला सुप्रीम कोर्टाने ते नाकारलं, पेटंट कायद्याच्या कलम ३(ड) वर बोट ठेवून, की नुसतं रूप बदलून चालत नाही, औषधाचा गुण खरोखर वाढला पाहिजे. केमिस्ट म्हणून मला तो निकाल बरोबरच वाटतो. स्फटिक बदलणं हे काम आहे, कठीणही असतं, पण ते त्या मिथाईलच्या तोडीचं नाही.

आता सदाफुली.

आत्याच्या दारात दोन कुंड्या आहेत, एक गुलाबी एक पांढरी, देवाला रोज तीच फुलं. मी त्या रात्री उठून हात धुवायला गेले तर पांढऱ्या झाडाची खालची पानं सगळी गायब. विचारलं तर म्हणाली की शेजारच्या काकूंनी सांगितलं, सदाफुलीपासून कॅन्सरचं औषध बनते, तर सकाळी तीन पानं चावून खायची, शुगरलाही चांगली. दोन आठवडे चालू होतं! मी घाबरलेच. दुसऱ्या दिवशी तिच्या डॉक्टरांना फोन करून सांगितलं, त्यांनी ताबडतोब बंद करायला लावलं.

गंमत म्हणजे काकूंची माहिती अर्धी खरी आहे, आणि म्हणूनच ती जास्त धोक्याची. १९५० च्या दशकात कॅनडात रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बिअर यांनी सदाफुलीवर काम सुरू केलं तेही डायबिटीससाठीच, जमैकातले लोक तिच्या पानांचा चहा शुगरवर घेतात असं कळलं म्हणून. उंदरांना अर्क दिला तर शुगरला काही झालं नाही, पण पांढऱ्या पेशी धडाधड कमी झाल्या. तिथून व्हिनब्लास्टिन सापडलं आणि नंतर अमेरिकेत एली लिलीमध्ये व्हिनक्रिस्टिन, जे आजही लहान मुलांच्या ल्युकेमियात वापरतात. पण ते शिरेतून देतात, अगदी मोजून, मिलिग्रॅमच्या हिशोबात, जरा जास्त झालं तर नसांवर, म्हणजे मज्जातंतूंवर, परिणाम होतो. पानात ते इतकं कमी असतं की एका ग्रॅमसाठी शेकडो किलो सुकी पानं लागतात, आणि त्यासोबत पानात शंभराहून जास्त इतर अल्कलॉइड्स असतात ज्यातली कोणती तुमच्या चालू औषधाशी काय करतील सांगता येत नाही. पान चावून औषध मिळत नाही, नुसता अंदाज मिळतो.

आणि या दोन औषधांतला फरक किती माहितीये? पुन्हा तोच. व्हिनब्लास्टिनमध्ये एका नायट्रोजनवर मिथाईल आहे, व्हिनक्रिस्टिनमध्ये त्याच जागी फॉर्माइल. बाकी एवढा अवाढव्य रेणू, जसाच्या तसा. तेवढ्या फरकाने एक औषध प्रामुख्याने अस्थिमज्जेला त्रास देतं आणि दुसरं नसांना, आणि वापरायचे कॅन्सरही वेगळे. झाडात व्हिनक्रिस्टिन फारच कमी असतं म्हणून व्हिनब्लास्टिनपासून ते लॅबमध्ये बनवता येतं, तो मिथाईल ऑक्सिडाइज करून. "नैसर्गिक की केमिकल" हा जो वाद लोक घालतात ना, तो मला पटत नाही तो यामुळेच, झाड अर्धं काम करतं आणि उरलेलं फ्लास्कमध्ये करावं लागतं.

या बाबतीत आपल्या महाराष्ट्रातल्या माणसाचं नाव शाळेच्या पुस्तकात का नाही हे मला खरंच कळत नाही. मनसुख वाणी. १९२५ साली नंदुरबारला जन्म, मुंबई विद्यापीठात शिक्षण, मग अमेरिकेत पीएचडी, आणि पुढे नॉर्थ कॅरोलिनात मनरो वॉल यांच्यासोबत काम. १९६६ मध्ये या दोघांच्या गटाने एका चिनी झाडातून कॅम्प्टोथेसिन वेगळं केलं, आणि १९७१ मध्ये यू झाडाच्या सालीतून मिळालेल्या टॅक्सॉलची रचना प्रसिद्ध केली. एका माणसाच्या नावावर यातलं एक असतं तरी पुरे होतं. कॅम्प्टोथेसिन तर आपल्या सह्याद्रीतल्या नरक्यातही आहे, त्यापायी त्या झाडाची चोरटी तोडही होते. पण नुसतं कॅम्प्टोथेसिन पाण्यात विरघळत नाही, विरघळवण्यासाठी त्याचं मीठ करून पेशंटना दिलं तर त्रास फार झाला, म्हणून केमिस्टनी त्याला पाण्यात जाणारे गट जोडून टोपोटेकॅन आणि इरिनोटेकॅन केली, दोन्हीला मान्यता १९९६ मध्ये. टॅक्सॉलचं दुखणं वेगळं होतं. शंभर वर्षांच्या एका यू झाडाची साल काढली की झाड मरतं आणि हातात येतं जेमतेम एका डोसपुरतं औषध. स्तन आणि अंडाशयाच्या कॅन्सरच्या सगळ्या पेशंटना द्यायचं तर जंगलंच्या जंगलं गेली असती. मग युरोपातल्या यूच्या पानांतून, जी पुन्हा फुटतात, टॅक्सॉलचा मोठा अर्धा भाग तयार मिळतो आणि उरलेली बाजू लॅबमध्ये शिवायची असा मार्ग काढला गेला. १९९४ मध्ये हॉल्टन आणि निकोलाऊ यांच्या गटांनी तर सुरुवातीपासून शेवटपर्यंत पूर्ण टॅक्सॉल बनवून दाखवलं. वाणी २०२० मध्ये गेले. एप्रिलमध्ये, सगळीकडे लॉकडाऊन होता, इथे फारसं कोणाला कळलंही नाही.

बरं, माझी पावडर.

आमची लॅब कशी आहे ते आधी सांगते म्हणजे बाकीचं समजेल. नागपूरचा मे महिना, बाहेर पंचेचाळीस, आत चाळीसच्या आसपास. एसी फक्त मशीनच्या खोलीत. ईथर ३४.६ अंशाला उकळतो, डायक्लोरोमिथेन चाळिसाच्या जरा खाली. परदेशी पेपरमध्ये लिहिलेलं असतं "रूम टेम्परेचरला ढवळा", त्यांची रूम पंचवीस अंशांची, आमच्या रूममध्ये तोच सॉल्व्हंट बाटलीचं झाकण उघडल्याबरोबर फुस्स करून उडतो. कॉलम चालवताना, म्हणजे सिलिकाच्या खांबातून मिश्रण सोडून रेणू वेगळे करताना, सिलिकामध्ये बुडबुडे धरतात, पांढऱ्या खांबाला आडवी भेग जाते, आणि एकदा भेग गेली की सगळे पट्टे एकमेकांत मिसळतात, दोन दिवसांचं काम वाया. कूलर लावला तर दमट हवा, ओलाव्याला नाजूक असलेल्या रिअ‍ॅक्शन्स त्यात होतच नाहीत. म्हणून एप्रिल-मेमध्ये आम्ही पहाटे साडेपाचला लॅब उघडून नऊच्या आत कॉलम आटोपतो, आणि रोटाव्हेपरच्या (सॉल्व्हंट उडवून काढायच्या यंत्राच्या) कंडेन्सरला बर्फाच्या कारखान्यातून लादी आणून फोडून टाकतो. मला ती पहाटेची वेळ आवडते. सगळं शांत, यूव्हीच्या दिव्याखाली टीएलसीच्या, म्हणजे माल शुद्ध आहे का ते दाखवणाऱ्या, पट्टीवर एकच एक गोल ठिपका दिसला की दिवस सार्थकी लागतो.

मी पिरिमिडीनवरच काम करते, इमॅटिनिबच्याच सांगाड्याचं लांबचं नातं. एका टोकाला ट्रायझोलचं कडं जोडायचं, ते क्लिक रिअ‍ॅक्शनने, ज्याला २०२२ चं नोबेल मिळालं तीच. अझाइड आणि अल्काइन एकत्र, थोडं कॉपर सल्फेट, थोडं सोडियम अ‍ॅस्कॉर्बेट, अर्धं पाणी अर्धं ब्युटेनॉल, ढवळत ठेवा, सकाळी तयार. असे चौदा रेणू बनवले. नऊ नंबरचा बाकीच्यांसारखा पांढरा नव्हता, किंचित हिरवट होता, म्हणजे कच्च्या लिंबाच्या आतल्या सालीसारखा, उजेडात धरल्याशिवाय कळणार नाही इतका. एनएमआरमध्ये, म्हणजे रेणूची रचना दाखवणाऱ्या तपासणीत, ट्रायझोलच्या एकुलत्या हायड्रोजनचं शिखर जरा पसरट आलं होतं. मी ठरवलं की मशीनचं शिमिंग, म्हणजे चुंबकाची जुळणी, नीट झालं नसेल. बाकी सगळी शिखरं जागेवर होती ना.

चौदाही रेणू पेशींवर तपासायला बाहेर पाठवले. स्तनाच्या कॅन्सरच्या पेशी, एमसीएफ-७, प्लास्टिकच्या प्लेटमध्ये शहाण्णव छोटे खड्डे, प्रत्येकात पेशी, वर आपलं औषध वेगवेगळ्या प्रमाणात, आणि शेवटी एक पिवळा रंग टाकतात जो जिवंत पेशी जांभळा करतात. जिथे जांभळं झालं नाही तिथे पेशी मेल्या. दीड महिन्याने ईमेल आली. तेरा रेणू, काहीच नाही. नऊ नंबर, आयसी-फिफ्टी तीन मायक्रोमोलर, म्हणजे एवढ्या कमी प्रमाणातच निम्म्या पेशी बंद.

त्या दिवशीचं काय सांगू. सरांनी सगळ्यांना चहा पाजला. पेपरचा मसुदा सुरू झाला, नऊ नंबरच एन्झाइममध्ये कसा बसत असेल याची कॉम्प्युटरवर रंगीत चित्रं काढली आणि ती चित्रं इतकी पटण्यासारखी होती! आई आत्याकडे फोनवर बोलली, आत्या टेकडीच्या गणपतीला जाऊन नारळ फोडून आली. तिने मला तेव्हा विचारलंही नाही की ते औषध तिच्या आजाराचं आहे का. नुसती खूश होती.

महिन्याभराने दुसऱ्यांदा बनवायला घेतला कारण पुढच्या टेस्टसाठी जास्त माल लागणार होता. यावेळी एका ज्युनियरने विचारलं की ताई, ट्रायझोल कॉपर धरून ठेवतं ना, मग आपण अमोनियाने का धुत नाही? साधा प्रश्न. मी पहिल्या बॅचची उरलेली पावडर इथाइल अ‍ॅसिटेटमध्ये विरघळवली, सेपरेटिंग फनेलमध्ये घेतली, अमोनियाचं पाणी घातलं, हलवलं, स्टँडवर ठेवलं. खालचा पाण्याचा थर निळा झाला. फिकट नाही, गडद, शाईसारखा निळा. कॉपर अमोनियाला भेटलं की जो रंग येतो तोच, बारावीच्या प्रॅक्टिकलला सगळ्यांनी पाहिलेला. मी फनेलसमोर किती वेळ उभी होते आठवत नाही.

तीनदा धुतल्यावर पाणी स्वच्छ आलं. पावडर सुकवली, पांढरीशुभ्र. एनएमआर घेतला, ते पसरट शिखर सुईसारखं टोकदार. पुन्हा पाठवली. शंभर मायक्रोमोलरलासुद्धा पेशींना काही होत नव्हतं. पेशी मारत होतं ते कॉपर. माझ्या मामांची काटोलला संत्र्याची बाग आहे, ते मोरचूद (म्हणजे कॉपर सल्फेटच) आणि चुना मिसळून बोर्डो करून झाडांच्या बुंध्याला लावतात बुरशी मरावी म्हणून. मी तीन वर्षं शिकून, क्लिक केमिस्ट्री करून, चौदा रेणू बनवून शेवटी पेशींवर मोरचूदच टाकला होता.

पेपर थांबवला. सर एक शब्दही रागाने बोलले नाहीत, पण त्यांनी ती रंगीत चित्रं भिंतीवरून काढली तेव्हा मला फार वाईट वाटलं. खरं सांगायचं तर मला भीती वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. त्या ज्युनियरने विचारलं नसतं तर? तो पेपर छापून आला असता, कोणीतरी बातमी केली असती, "नागपूरच्या लॅबमध्ये कॅन्सरवर नवीन औषध", ती फिरत फिरत आत्याच्या फोनवर आली असती आणि तिच्यासारख्या कितीतरी लोकांच्या. प्लेटमधल्या पेशी मारणं अवघड नाही, ब्लीचिंगचं पाणी टाकलं तरी मरतात. हळदीचंही तसंच आहे, कर्क्युमिन प्लेटमध्ये कितीतरी पेशींवर चालतं, पण खाल्लेलं कर्क्युमिन रक्तात पोचतं अगदी नगण्य आणि जे पोचतं ते लगेच तुटतं, त्यात ते अनेक तपासण्यांमध्ये खोटंच "चालतंय" असं दाखवतं. वर्ध्याच्या वायगावची हळद आमच्याही घरी येते, भाजीत हवीच, पण तिच्या नावाने कोणी केमो थांबवली असं ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो. आणि असं मी ऐकलंय, दोनदा.

तेव्हापासून लॅबमध्ये आम्ही काही गोष्टी बदलल्या. ट्रायझोल असलेली प्रत्येक गोष्ट पाणी रंगहीन येईपर्यंत अमोनियाने धुवायची. प्रत्येक रेणूची दुसरी बॅच दुसऱ्याच माणसाने बनवायची. सोबत नॉर्मल पेशींवरही टेस्ट, कारण दोन्हीकडे सारखाच मारत असेल तर ते विष आहे. आणि नुसतं कॉपर सल्फेट घातलेला एक खड्डा, तुलनेसाठी. तो ज्युनियर आता माझ्याच प्रोजेक्टवर आहे, त्याची नोटबुक माझ्यापेक्षा स्वच्छ असते.

हे सगळं मी आत्याला त्या रात्री सांगितलं, नारळाबद्दल माफी पण मागितली. ती गोळी घेऊन झाली होती, ताटं घासून झाली होती, कॅलेंडरवरचा तो तिरका रेणू पाहत बसली होती. म्हणाली, "नारळाचं जाऊ दे. मले हे सांग, ते पांढरी झाली तं आता तिले फेकून देल्ली का?"

फेकली नाही. तीनशे मिलिग्रॅम आहे अजून, छोट्या काचेच्या बाटलीत, फ्रिजमध्ये, तारीख आणि नंबर टाकून. कारण पांढरी झाल्यावर मी तिचा रेणू पुन्हा नीट पाहिला तर लक्षात आलं की पिरिमिडीनच्या शेजारच्या कड्यावर आम्ही कुठेच काही लावलेलं नाही, ते कडं मोकळं आहे, सपाट, कुठल्याही खोबणीत घुसेल आणि कुठेच नीट बसणार नाही असं. तिथे मिथाईल लावायचा म्हणजे सुरुवातच वेगळ्या अनिलीनपासून करावी लागेल, आधी ग्वानिडीन, मग कडं, मग पुन्हा क्लिक, सात स्टेप्स. मी आत्याला ती जागा कॅलेंडरवर पेनने गोल करून दाखवली. तिने चष्मा लावून पाहिलं आणि विचारलं, उसवून लावता येत नाही का, सगळंच परत शिवावं लागते? मी म्हटलं, या जागी नाही येत, सगळंच परत.

अनिलीन परवा आलंय. सोमवारी पहाटे पहिली स्टेप लावतेय, बर्फाची लादी सांगून ठेवली आहे.